गळालेली पंचवीस अक्षरे

धाकटा भाऊ 42व्या वर्षी चालता बोलता गेला. शवविच्छेदनात हृदयाचा स्नायू जाड झालेला आढळला. आम्हा सख्ख्या नात्यातल्यांना तपासून घ्यायला डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा भावजय म्हणाली, “ताई, पोरीचं लग्न व्हायचंय. वंशात खोट आहे म्हणतील लोक.”

मी तपासले. डाव्या कप्प्याची भिंत 17 मिलिमीटर निघाली. 15च्या पुढे विकार धरतात. रक्ताच्या तपासणीत ‘एमवायबीपीसी3’ या जनुकात बदल सापडला. हे जनुक 11व्या गुणसूत्रावर असते. त्यातून बनणारे प्रथिन हृदयस्नायूतल्या मायोसिनच्या तंतूंना धरून राहते आणि आकुंचनाला लगाम घालते.

पुतणीने कुठेसे वाचले होते की याच जनुकातला एक बदल शंभरात चार भारतीयांत असतो. “मग एवढं काय, आत्या?”

हा शोध आमच्या हैदराबादचाच. हबसीगुड्याच्या सीसीएमबीतील कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी 2009 साली तो मांडला. जनुकाच्या मजकुरातून 25 अक्षरे गळालेली. मी पोथ्या शिकवते, त्यामुळे हे मला लगेच उमगले. अनेक पोथ्यांत तीच ओळ गळालेली दिसली, की त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असे आपण धरतो. ही 25 अक्षरेही कुणा एका पूर्वजात गळाली. अंदाज सुमारे 33 हजार वर्षांपूर्वीचा.

तेव्हा बातमीने पुष्कळांची झोप उडवली. मात्र ही अक्षरे गळालेले बहुतेक लोक धडधाकट जगतात. 2018मध्ये दिसले, की त्यांतल्या थोड्यांच्या त्याच प्रतीत आणखी एक बदल असतो आणि धोका मुख्यतः त्यांना.

आमच्या घरातला बदल या पंचविसांतला नाही. तो विरळा आहे. आईकडून एक, वडिलांकडून एक अशा दोन प्रतींपैकी एकीत तो असला तरी पुरतो, आणि अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. उतरला तरी विकार होईलच असे नाही; कुणाला विशीत, कुणाला साठीत, कुणाला कधीच नाही. म्हणून इको एकदा चांगला आला तरी काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो. जनुकात तो बदल नाही असे ठरले, तर मात्र ही फेरी सुटते.

भावजयीशी बोलताना मी ‘दोष’ हा शब्द टाळला. ‘पाठभेद’ म्हटले. ती पहिल्यांदाच हसली, म्हणाली, “तुमचं आपलं कॉलेजच!” पण सोमवारी तीच पोरीला घेऊन आली. रक्त दिले आहे. अहवाल यायचा आहे.