पन्हळी बुजवल्या आणि मशीद गेली

मालीमधल्या जेने गावची मशीद ही मातीची जगातली सर्वांत मोठी इमारत मानली जाते. आज उभी आहे ती १९०७ मधली. तिच्याआधीची, कोई कोन्बोरो राजाने तेराव्या शतकात बांधली असं मानतात ती मशीद कशी गेली, हे जुन्या वास्तूंची काळजी असलेल्या प्रत्येकाने जाणून घ्यावं. एकोणिसाव्या शतकात जेने जिंकणाऱ्या सेकू आमादूला ती फार डौलाची वाटली. मशीद पाडणं धर्मात बसत नव्हतं. म्हणून, असं सांगतात, त्याने छताच्या पन्हळी बुजवल्या आणि डागडुजी थांबवली. उरलेलं काम पावसाने केलं. १८२८ मध्ये फ्रेंच प्रवासी रने काये तिथे पोचला, तेव्हा आत पाकोळ्यांचं राज्य होतं.

इमारत मारायला सुरुंग लागत नाही, हे सेकू आमादूला नेमकं ठाऊक होतं. नेदरलँड्समध्ये १९७३ पासून जुन्या वास्तूंची नेमाने तपासणी करणारी ‘मोन्युमेंटनवाख्त’ ही संस्था काम करते, तीही याच ज्ञानावर: पन्हळ साफ ठेवा, निसटलेलं कौल लगेच बसवा, म्हणजे मोठी दुरुस्ती लांबते.

जेनेत हे काम उत्सवासारखं होतं. पावसाळ्याआधी नदीकाठची माती आणून भाताच्या तुसासह खड्ड्यांत कुजत ठेवतात. पोरं त्यात नाचून चिखल तुडवतात. ठरल्या दिवशी मोहल्ल्यामोहल्ल्यांतून तरुण टोपल्या घेऊन धावतात, पहिला चिखल कोणाचा पोचतो याची चुरस लागते. बायका-मुली पाणी वाहतात. गवंडी भिंतीतून बाहेर आलेल्या ताडाच्या दांडक्यांवर चढून हाताने लिंपतात. ही दांडकी शोभेला लावली आहेत असं वाटतं, पण ती कायमची परांचीच आहे. दरवर्षी चढावं लागणार, हे बांधतानाच धरलेलं. या कामात अखेरचा शब्द ‘बारे तोन’ या गवंड्यांच्या संघाचा. १९०७ ची मशीदही या संघाच्या प्रमुखाच्या, इस्माइला त्राओरेच्या देखरेखीखाली उठली. घराण्याचा गवंडी ठरलेला असतो आणि ते नातं पिढ्यान्‌पिढ्या चालतं. मृगाआधी माळवदावर पांढरी माती पसरणारं घर ज्यांनी मराठवाड्यात पाहिलं आहे, त्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही.

मात्र नुसता उत्साह पुरत नाही. वर्षानुवर्षं थरावर थर चढून भिंती जड झाल्या होत्या. पुढे दुरुस्तीत ते थर खरवडून काढावे लागले. तज्ज्ञांची गरज होती, यात मला शंका नाही. पण २००६ मध्ये आगा खान न्यासाच्या कामासाठी पाहणी करणारं पथक छतावर उकरू लागलं, तेव्हा गावात दंगल उसळली. हे लोक वर काय करताहेत, हे लिंपणाऱ्या हातांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. ५ नोव्हेंबर २००९ रोजी, चोवीस तासांत ७५ मिलिमीटर पाऊस झाल्यावर, दक्षिणेकडच्या मनोऱ्याचा वरचा भाग कोसळला. त्याच न्यासाच्या पैशातून तो पुन्हा बांधला गेला. पैसा आणि तंत्र बाहेरून येऊ शकतं. पण दर उन्हाळ्यात छतावर चढणारा माणूस गावातलाच असतो; त्याला विचारल्याशिवाय पहिली कुदळ पडता कामा नये.

मला जास्त काळजी वाटते ती घरांची. १९८८ मध्ये जेनेची जुनी नगरं जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्यात सुमारे दोन हजार पारंपरिक घरं येतात. २०१६ मध्ये या नगरांचं नाव धोक्यातल्या वारशाच्या यादीतही चढलं. मशिदीच्या लिंपणाला सगळं गाव धावतं. घराच्या लिंपणाचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा. काही जण दरवर्षीची दगदग नको म्हणून भिंतींना भाजलेल्या फरशा लावतात, तर ते वारशाच्या नियमांत बसत नाही. लहान खोल्या, अंधारी दालनं बदलू म्हटलं तर तिथेही आडकाठी. घर जसंच्या तसं ठेवा असं जग सांगत असेल, तर माती, तूस आणि गवंड्याची मजुरी यांतला काही वाटा जगाने दरवर्षी उचलायला हवा, आणि तो गवंड्यांच्या संघामार्फत, पावसाळ्याच्या आधी पोचायला हवा.