क्ष-किरणांच्या वर्गातील पर्यावरण

पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर सक्तीने शिकविला जावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले आणि पुढे तो महाविद्यालयांतून शिकविला जाऊ लागला. सक्तीच्या विषयाचे जे व्हावयाचे तेच त्याचे झाले. मार्गदर्शकातून पाठ केलेली ओझोनच्या थराची माहिती आणि कुणाची तरी उतरवून काढलेली प्रकल्पवही, एवढ्यावर तो आटोपतो. शिकविण्याचे काम बहुधा ज्याचे तास भरत नाहीत त्याच्या गळ्यात पडते. आणि आम्हा अर्थशास्त्रवाल्यांचे तास अलीकडे भरत नाहीत! क्ष-किरण, सीटी व एमआरआय यंत्रे चालविण्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनाही तो अशाच रीतीने शिकवावयाचा असेल, तर न शिकविलेला बरा.

वस्तुतः यांच्याइतका अनुकूल वर्ग मिळणे कठीण. किरणांची मात्रा निदानाला पुरेल इतकीच द्यावी, तिळभरही अधिक नको, हे त्यांच्या मनावर प्रारंभापासून ठसविले जाते. ही काटकसरीचीच शिकवण होय. मात्र तिचा हिशेब रुग्णाच्या देहापाशी थांबतो. रुग्णाला नीट न निजविल्यामुळे प्रतिमा बिघडली आणि पुन्हा घ्यावी लागली, तर किरणांबरोबर वीजही खर्ची पडते, आणि फिल्म वापरली जात असेल तेथे चांदीही.

चांदीची गोष्ट बोधप्रद आहे. तिला बाजारात भाव असल्यामुळे वापरलेल्या फिल्मा भंगारवाला आपण होऊन नेतो. त्यासाठी कुणाला पर्यावरणाचा उपदेश करावा लागत नाही. उलट एमआरआयच्या वेळी शिरेतून टोचले जाणारे गॅडोलिनियमयुक्त द्रव्य बव्हंशी मूत्रावाटे बाहेर पडते, सांडपाण्याच्या शुद्धीकरणातून निसटते आणि नदीला मिळते. जर्मनीतील नद्यांत त्याचा माग १९९६ साली लागला. नदीतील गॅडोलिनियम विकत घेणारा कोणी नाही. ज्या खर्चाचे बिल खर्च करणाराला येत नाही, त्याचे विवेचन पिगू यांनी १९२० साली केले होते. त्याला याहून नेटके उदाहरण मी वर्गात देऊ शकलो नसतो.

विजेचे तसेच. स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या विद्यापीठ रुग्णालयात तीन सीटी व चार एमआरआय यंत्रांची वीज मोजण्यात आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, ही सात यंत्रे आणि त्यांचे शीतकरण मिळून रुग्णालयाच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ४ टक्के ऊर्जा घेत होती. त्याहून विचार करावयास लावणारी बाब अशी की, सीटी यंत्रांची सुमारे दोन-तृतीयांश वीज टेबलावर रुग्ण नसताना खर्च होत होती.

आपल्या जिल्ह्यांत यंत्रे अपुरी आणि रुग्णांच्या रांगा लांब. येथे काटकसर कसली शिकविता, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. आवश्यक तपासणी नाकारण्याची शिकवण मला कदापि मान्य होणार नाही. परंतु रिकाम्या यंत्राने जाळलेल्या विजेचा लाभ रांगेतील कोणत्या रुग्णाला होतो? महाराष्ट्राची बरीचशी वीज आजही कोळशाची आहे. चंद्रपूर वा कोराडीच्या धुराखाली राहणाऱ्यांनाही फुप्फुसे आहेत.

मात्र येथे घोषणा चालत नाहीत, ज्ञान लागते. एमआरआयचे अतिवाहक चुंबक उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियमने थंड राखलेले असते. त्याचे शीतकरण रात्रीही थांबवून चालत नाही. अपघातग्रस्तांसाठी ठेवलेला सीटी सज्जच हवा. बाह्यरुग्ण विभागातील सीटी मात्र उत्पादकाच्या सूचनांप्रमाणे रात्री बंद करता येईल काय, हे विचारावयास हवे. हा भेद पर्यावरणाच्या स्वतंत्र पुस्तकात सापडणार नाही. तो यंत्रापाशी उभे राहून, यंत्र शिकविणाऱ्यानेच शिकवावा आणि प्रात्यक्षिक परीक्षेत त्याला गुण असावेत.

२०२१ च्या कायद्याने या व्यवसायाचे शिक्षण राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणले आहे, तेव्हा अभ्यासक्रमात भर घालण्याची वाट मोकळी आहे. तोवर एक गोष्ट कोणत्याही रुग्णालयाला करता येण्यासारखी आहे. या विभागाचा वीजवापर वेगळा मोजलाच जात नाही. सबंध इमारतीचे बिल परस्पर लेखाशाखेत जाते. सीटीच्या कक्षाला एक स्वतंत्र मीटर बसवावा आणि त्याची सकाळ-संध्याकाळची नोंद विद्यार्थ्यांकडे सोपवावी.