अपघर्षक रत्नचूर्ण

अपघर्षक रत्नचूर्ण : रत्ने व इतर कठीण पदार्थ कापणे, घासणे आणि त्यांना झिलई देणे यांसाठी वापरण्यात येणारी रत्नजातीय खनिजांची बारीक पूड. दागिन्यांस निरुपयोगी ठरलेले सदोष खडे व कापणीत उरलेले तुकडे कुटून ती तयार करतात. हिरा, कुरुविंद (माणिक व नीलम या याच्याच जाती होत) आणि गार्नेट ही यातील प्रमुख खनिजे आहेत.

ज्या पदार्थावर पूड वापरावयाची त्याहून ती सामान्यतः अधिक कठीण असावी लागते. मोस मापक्रमानुसार क्वार्ट्‌झची कठिनता ७, पुष्कराजाची ८, कुरुविंदाची ९ व हिऱ्याची १० असते. हिरा मात्र हिऱ्याच्याच पुडीने घासतात. स्फटिकाच्या निरनिराळ्या दिशांना त्याची कठिनता कमीजास्त असते व पुडीतील कण सर्व दिशांना वळलेले असतात. त्यामुळे काही कणांची अधिक कठीण दिशा खड्याच्या कमी कठीण दिशेवर येऊन घर्षण घडते.

वऱ्हाडातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांचा बहुतेक भाग बेसाल्टाचा असून पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा थर आहे. बेसाल्टातील पोकळ्यांत अकीक व गारगोटी ही क्वार्ट्‌झची रूपे आढळतात. कुरुविंद ॲल्युमिनियमाचे प्रमाण अधिक असलेल्या रूपांतरित खडकांत सापडतो. विदर्भात तो भंडारा जिल्ह्यात मिळतो. अकीकाच्या पुडीने माणकास पैलू पाडता येत नाहीत. उलट अकीकच कुरुविंदाच्या पुडीने घासावा लागतो. मात्र तो चिवट असल्याने त्याचे खल व सोन्याचा मुलामा घोटण्याची हत्यारे करतात.

पारंपरिक पद्धतीत कुरुविंदाची पूड लाखेत मिसळून तिचे फिरते चाक बनवीत. पुडीची प्रतवारी करण्यासाठी ती पाण्यात ढवळतात; जाड कण आधी तळाशी बसतात व बारीक कण तरंगत राहतात. झिलईच्या पुडीत एखादा जाड कण राहिला, तरी तयार पृष्ठावर चरा पडतो. १८९१ मध्ये कार्बोरंडमाचा शोध लागल्यानंतर व १९५० नंतरच्या दशकात कृत्रिम हिरे तयार होऊ लागल्यावर नैसर्गिक पुडीचा वापर पुष्कळ कमी झाला.

अकीक कोरडा घासल्यास सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती श्वासावाटे फुप्फुसांत साठून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो. गुजरातेतील खंबायतच्या अकीक-कारागिरांत तो आढळला आहे. म्हणून घासताना पाण्याची सतत धार ठेवणे व धूळ शोषून घेणारी योजना करणे आवश्यक असते.