निळी पुस्तके, पांढरी पुस्तके

लंडन शहरात २०१४ साली फिट्झकॅरल्डो एडिशन्स या नावाची एक लहानशी प्रकाशनसंस्था निघाली. तिच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर चित्र नसते. कथा-कादंबरी असेल तर मुखपृष्ठ गडद निळे आणि त्यावर पांढरी अक्षरे. निबंध, आठवणी, आत्मवृत्त असेल तर मुखपृष्ठ पांढरे आणि अक्षरे निळी. रे ओमारा नावाच्या कलावंताने ही रचना एकदा ठरवली, ती पुढे शेकडो पुस्तकांना पुरली. ज्या व्यवसायात मुखपृष्ठ पाहून गिऱ्हाईक थांबते असा सर्वांचा समज आहे, त्या व्यवसायात हे धाडसच म्हटले पाहिजे. शिवाय ह्या संस्थेने जी पुस्तके काढली तीही अशी की, अनुभवी विक्रेत्याने ती हातात घेऊन लगेच खाली ठेवावीत.

संस्थेचे नाव एका चित्रपटावरून घेतलेले आहे. वेर्नर हर्झोग ह्या जर्मन दिग्दर्शकाचा १९८२ सालचा हा चित्रपट. त्यातील नायकाला दक्षिण अमेरिकेच्या जंगलात संगीतनाट्यगृह बांधायचे आहे, आणि त्या पैशाच्या सोयीसाठी तो एक अख्खी आगबोट डोंगरावरून पलीकडच्या नदीत ओढून नेऊ पाहतो. संस्थेचे चालक झाक तेस्तार ह्यांनी हे नाव घेताना स्वतःच्या धंद्याकडे थोडे हसून पाहिले असावे, असे मला वाटते.

आता, ही आगबोट डोंगरावर चढवण्याची पाळी का आली, हे समजण्यासाठी ब्रिटनमधील पुस्तकव्यवहाराचा थोडा मागचा इतिहास पाहावा लागेल. १९०० सालापासून तेथील प्रकाशक आणि विक्रेते ह्यांच्यात एक करार होता. प्रकाशकाने छापलेल्या किमतीपेक्षा कमी किमतीला कोणत्याही दुकानदाराने पुस्तक विकायचे नाही, एवढाच त्याचा मथितार्थ. ग्राहकाला हा करार महाग पडे हे खरे; पण त्यामुळे गल्लीतले लहान दुकान मोठ्या दुकानासमोर टिकून राही, आणि खपाऊ पुस्तकाच्या नफ्यातून न खपणाऱ्या कवीचा खर्च निघे. १९९५ साली मोठ्या प्रकाशकांनी ह्या करारातून अंग काढून घेतले आणि १९९७ साली न्यायालयाने तो लोकहिताविरुद्ध ठरवला. त्यानंतर साबण आणि बिस्किटांच्या शेजारी, निम्म्या किमतीत, खपाऊ कादंबऱ्या मांडल्या जाऊ लागल्या. पुढे मोठ्या प्रकाशनसंस्था एकमेकींत विलीन होत गेल्या. २०१३ साली पेंग्विन आणि रँडम हाऊस ह्या दोन बलाढ्य संस्था एक झाल्या. संपादकाच्या टेबलावर हस्तलिखित आले की ‘हे चांगले आहे का?’ ह्या प्रश्नाच्या आधी ‘ह्याच्या किती प्रती जातील?’ हा प्रश्न येऊन बसू लागला.

ह्याचे एक उदाहरण सांगतो. आयमिअर मॅकब्राइड ह्या लेखिकेची पहिली कादंबरी जवळजवळ नऊ वर्षे प्रकाशकांच्या दारोदार हिंडली. तिची भाषा मोडकी, अर्ध्या वाक्यांची, विचार शब्दांत उतरण्यापूर्वीच्या अवस्थेत पकडलेली अशी. शेवटी नॉरिच गावातल्या गॅली बेगर प्रेस ह्या दोन-तीन माणसांच्या संस्थेने २०१३ साली ती छापली. त्याच वर्षी तिला गोल्डस्मिथ्स पारितोषिक मिळाले आणि पुढच्या वर्षी स्त्रियांच्या कादंबरीलेखनासाठी असलेले बेलीज पारितोषिकही मिळाले. नऊ वर्षांत कादंबरीतला एक शब्दही कोणाच्या सांगण्यावरून बदलावा लागला असता तर ती वाया गेली असती. लहान संस्थेचे महत्त्व मी येथे मानतो.

पण लहान संस्थेचे रक्त किती पातळ असते तेही ह्याच प्रेसच्या हकिकतीत दिसते. २०१९ साली लूसी एल्मन ह्यांची ‘डक्स, न्यूबरीपोर्ट’ ही हजार पानांची कादंबरी त्यांनी काढली. ओहायो राज्यातल्या एका गृहिणीच्या मनात चाललेले, मुख्यतः एकाच वाक्यात सांगितलेले हे पुराण बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत आले. एका सवलतीने पुस्तके विकणाऱ्या कंपनीने त्याची खास आवृत्ती मागवली. प्रेसने ती छापून दिली. आणि त्या वर्षाअखेर कंपनीच बुडाली. येणे होते सुमारे चाळीस हजार पौंडांचे. मोठ्या संस्थेच्या खातेवहीत ही रक्कम एका ओळीत मावली असती. येथे दुकानाला कुलूप लागण्याची वेळ आली. चालकांनी वाचकांना उघडपणे परिस्थिती सांगितली आणि वाचकांनी वर्गणी करून काही दिवसांत ती रक्कम उभी केली. म्हणजे यश मिळाले म्हणून संकट आले! पुस्तक पडले असते तर एवढी मोठी आवृत्ती छापावीच लागली नसती. पुस्तकव्यवहारात प्रत ‘परतीच्या बोलीवर’ दुकानात जाते. न खपलेली प्रत परत येते आणि तिचे पैसे प्रकाशकाला सोडावे लागतात. कागदवाल्याचे आणि छापखान्याचे बिल मात्र परत जात नाही.

फिट्झकॅरल्डोने ह्यातून वेगळी वाट काढली. इंग्रजी भाषेतील मोठे प्रकाशक परभाषेतील वाङ्मयाकडे फारसे पाहत नसत. त्यामुळे युरोपात मान्यता पावलेल्या लेखकांचे इंग्रजी हक्क लहान संस्थेला परवडतील अशा किमतीत मिळत. तेस्तार ह्यांनी हे हेरले. स्वेतलाना अलेक्सियेविच ह्यांच्या, सोव्हिएत राज्याच्या अस्तानंतर सामान्य माणसे काय बोलली ह्याच्या ग्रंथाचे हक्क त्यांनी घेतले तेव्हा इंग्रजी वाचकाला हे नाव विशेष परिचयाचे नव्हते. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर पोलंडच्या ओल्गा तोकार्चुक (२०१८ सालचे पारितोषिक, जाहीर झाले २०१९ मध्ये), फ्रान्सच्या आनी एर्नो (२०२२) आणि नॉर्वेचे यून फोस्से (२०२३) अशी चार नावे ह्या एका छोट्या संस्थेच्या यादीत जमा झाली. लोक ह्याला नशीब म्हणतात. एकदा लागले तर नशीब. चारदा लागले तर त्याला वाचन म्हणावे.

ह्या संस्थेच्या कादंबऱ्या कशा असतात? तिचे पहिलेच पुस्तक पाहा. मातियास एनार ह्या फ्रेंच लेखकाची ‘झोन’ ही कादंबरी. एक गुप्तहेर मिलानहून रोमला आगगाडीने निघाला आहे; जवळच्या पेटीत भूमध्य समुद्राभोवतीच्या युद्धांची, कत्तलींची कागदपत्रे आहेत, ती तो विकणार आहे. पाचशेच्या आसपास पाने, ‘इलियड’सारखी चोवीस प्रकरणे, आणि मधली काही प्रकरणे सोडली तर पूर्णविराम नाही. आगगाडी थांबत नाही, तर वाक्य कसे थांबणार, अशी ही युक्ती आहे. मला ती पटते, पण दमवतेही. शंभर पानांनंतर वाचकाला एखादे स्टेशन यावे असे वाटू लागते.

यून फोस्से ह्यांची ‘सेप्टॉलॉजी’ २०१९ पासून तीन खंडांत इंग्रजीत आली. डेमियन सर्ल्स ह्यांनी ती भाषांतरित केली. तिलाही पूर्णविराम नाही. परंतु येथे अनुभव उलटा. आस्ले नावाचा एक म्हातारा चित्रकार, बायको वारलेली, समुद्रकाठी एकटा राहतो. बर्फातून मोटार हाकीत तो शहरात जातो. तेथे आस्ले नावाचाच दुसरा एक चित्रकार आहे, दारूने पार खचलेला. जणू पहिल्याचेच आयुष्य दुसऱ्या फाट्यावर गेले असते तर जे झाले असते ते. तीच वाक्ये, तेच विचार फिरून फिरून येतात आणि प्रत्येक भागाच्या शेवटी आस्ले हातात जपमाळ घेऊन प्रार्थना म्हणतो. ज्याच्या घरात पहाटे कोणी नामस्मरण करीत असे, त्याला ह्या पुनरुक्तीचे कोडे पडू नये. जपात पुढे जाणे नसते, खोल जाणे असते.

आता पांढऱ्या पुस्तकांकडे वळतो. खरे सांगायचे तर माझा ओढा तिकडेच अधिक आहे. ही ‘पुस्तकी आठवणीं’ची पुस्तके. वाचन, भाषांतर, भाषा शिकणे हाच ज्यांच्या आयुष्यातला मोठा प्रसंग, अशा माणसांनी लिहिलेली.

केट ब्रिग्ज ह्यांचे ‘धिस लिट्ल आर्ट’ (२०१७) हे त्यांपैकी एक. ह्या बाईंनी रोलाँ बार्थ ह्या फ्रेंच समीक्षकाची व्याख्याने इंग्रजीत आणली आणि ते काम करताना मनात काय चालले होते ते येथे मांडले. पुस्तकाचे नाव त्यांनी हेलन लो-पोर्टर ह्यांच्या शब्दांतून उचलले आहे. थॉमस मान ह्यांच्या कादंबऱ्या इंग्रजीत आणणाऱ्या ह्या भाषांतरकर्तीच्या चुकांच्या याद्या पुढे विद्वानांनी काढल्या. ब्रिग्जबाई त्या चुका नाकारीत नाहीत. पण असे विचारतात की, पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाचकांनी तिच्याच इंग्रजीतून मान वाचला आणि त्यावर प्रेम केले, त्यांचे ते वाचन खोटे ठरवायचे काय? भाषांतर वाचताना आपण एक मुकाट्याचा करार करीत असतो. जर्मन पात्र इंग्रजीत बोलते आणि आपण ते जर्मनच बोलते आहे असे धरून चालतो. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, तेव्हा त्यांतली बंगाली माणसे आमच्या आज्यांशी मराठीतच बोलली. कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

पॉली बार्टन ह्यांचे ‘फिफ्टी साउंड्स’ (२०२१) ह्याहून मोकळे आहे. केंब्रिजला तत्त्वज्ञान शिकलेली एकवीस वर्षांची ही मुलगी जपानच्या सादो बेटावर इंग्रजी शिकवायला गेली आणि जपानी भाषेच्या पाशात सापडली. जपानीत ध्वन्यनुकारी शब्दांचे मोठे भांडार आहे. अशा पन्नास शब्दांची पन्नास प्रकरणे करून तिने आपले एकटेपण, आपले प्रेम आणि परक्या भाषेत सतत मूल होऊन राहण्याची लाज सांगितली आहे. इंग्रजीत असे शब्द थोडे, आणि जे आहेत ते पोरकट समजले जातात. म्हणून ह्या शब्दांतही प्रौढ माणसाचे मन मावते हे इंग्रज वाचकाला पटवून द्यावे लागते. मराठी माणसाला त्याची गरज नाही. आमच्याकडे पाऊसच रिमझिम, भुरभुर आणि धो धो असा तीन तऱ्हांनी पडतो. जपानी ‘दोकिदोकि’ म्हणजे छातीतली धडधड आणि ‘किराकिरा’ म्हणजे लखलख. नाद नसलेल्या उजेडालाही नाद देण्याची ही रीत आमच्या ओळखीची आहे.

आणि शेवटी आनी एर्नो. ‘ला प्लास’ हे त्यांचे वडिलांवरचे लहानसे पुस्तक फ्रेंचमध्ये १९८३ साली निघाले, पुढच्या वर्षी त्याला रनोदो पारितोषिक मिळाले. तान्या लेस्ली ह्यांचे इंग्रजी भाषांतर पूर्वीपासून होते. फिट्झकॅरल्डोने ते २०२० साली आपल्या मालिकेत आणले. नॉर्मंडीतील इव्हतो गावी एर्नोबाईंच्या आईवडिलांचे किराणा दुकान आणि त्याला जोडून कॅफे होता. वडील आधी शेतावरचे गडी, मग कारखान्यात मजूर, मग दुकानदार. मुलगी शिकली, शिक्षिकेची परीक्षा उतरली, आणि त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी वडील वारले. ह्या दोन घटना लेखिकेने मुद्दाम पहिल्याच पानांत शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. मुलीने शिकावे ही बापाची इच्छा. आणि ती जो जो शिकत गेली तो तो दोघांचे बोलणे संपत गेले. तिने बोलीतल्या चुका दाखवाव्या, त्याने चिडावे. पुस्तक हे मुलीच्या प्रगतीचे साधन खरे, परंतु घरात भिंत उभी राहिली तीही त्याच विटांची. लेखिकेने ह्यावर अश्रू ढाळलेले नाहीत. अलंकार मुळीच वापरायचे नाहीत असे ठरवून, आईवडिलांना खुशालीची पत्रे लिहावीत तशा साध्या भाषेत तिने हे लिहिले आहे. कारण अलंकारिक भाषा ही पलीकडच्या, सुशिक्षित बाजूची, आणि तिच्यातून बापाचे वर्णन करणे म्हणजे त्याला पुन्हा एकदा परका करणे होय.

मला ह्या पुस्तकातला एक प्रसंग विशेष वाटतो, आणि सार्वजनिक वाचनालयाच्या आश्रयाने भरलेल्या अशा सभेत तो सांगितला पाहिजे. मुलगी बारा वर्षांची असताना एका रविवारी बापलेक नगरपालिकेच्या वाचनालयात गेले; दोघांनीही तेथे पूर्वी पाऊल टाकलेले नव्हते. आत शांतता. बापाने बोलण्याचे काम मुलीवर सोपवले. पुस्तके हवी आहेत, असे तिने सांगितले. कोणती, असे तेथल्या माणसाने विचारले. काय हवे ते आधीच ठाऊक असावे लागते, हे घरी कोणाच्या डोक्यातच आले नव्हते. तेव्हा त्या माणसांनीच निवड केली. मुलीला मेरिमे ह्यांची ‘कोलोंबा’ आणि बापाला मोपासाँची एक हलकीफुलकी कादंबरी. पुन्हा ते दोघे तेथे गेले नाहीत. पुस्तके परत करायला आईला जावे लागले, आणि तेही बहुधा मुदत उलटून गेल्यावर.