अल्प-कार्बन घर आणि गवंड्याचे कौशल्य

अल्प-कार्बन घर म्हणजे छतावर सोलर पॅनल बसवलेले घर, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात बांधणी आणि वापर या दोन्हींत कार्बन डायऑक्साइड कमी सोडणारे घर, असा त्याचा अर्थ आहे. बांधकाम साहित्य तयार होतानाच जो वायू हवेत जातो, त्याला अंतर्भूत कार्बन (साहित्याच्या निर्मितीतील उत्सर्जन) म्हणतात. मडके आणि चूल दोन्ही मातीची. पण मडके भट्टीत इंधन जाळून भाजावे लागते, चूल उन्हात वाळते. पक्क्या आणि कच्च्या विटेत हाच फरक आहे.

डहाणू-तलासरीतील वारली घरांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, माती-शेणाने लिंपलेल्या असतात. त्यांत अंतर्भूत कार्बन अत्यल्प असतो. मात्र केवळ पारंपरिक साहित्य पुरेसे नाही. नोव्हेंबर २०१८ पासून या भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. म्हणून भिंत आणि छपराचा घट्ट सांधा, कोपऱ्यांची मजबुती, कारवी-बांबूला कीड लागू नये यासाठीची प्रक्रिया आणि पावसापासून जोत्याचे रक्षण ही कौशल्ये गवंडी व सुतारांना शिकवावी लागतात. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये गवंड्यांना ४५ दिवसांचे प्रशिक्षण प्रत्यक्ष घर बांधतानाच दिले जाते. ही कौशल्येही अशीच, हाताला काम देऊन शिकवता येतात.