थर्टी-थर्टी, थ्री-ओ-एट आणि एक तोळा शिसं

अमेरिकेतल्या एखाद्या गावी बंदुकांच्या दुकानात जा, "हरणासाठी एकच रायफल घ्यायची, तर कुठली?" एवढं विचारा आणि खुर्ची ओढून बसा. दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी उत्तर मिळणार नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषयच मिटवला. पण हा वाद लांबून ऐकायला भारी, कारण त्यात आकड्यांनी घातलेला घोळ बघण्यासारखा आहे.

नावात काय काय दडलंय! .३०-३०, .३०-०६ आणि .३०८ ही हरणांच्या शिकारीतली तीन गाजलेली काडतुसं. तिघांचीही गोळी जाडीला सारखीच, ०.३०८ इंच. पहिल्यातला दुसरा तीस म्हणजे सुरुवातीला त्यात भरत असत ती ३० ग्रेन बिनधुराची दारू. दुसऱ्यातला सहा म्हणजे अमेरिकी लष्कराने ते काडतूस घेतलं ते साल, १९०६. तिसऱ्याने निमूटपणे गोळीची जाडी सांगितली. १९१५चं .२५०-३००० सॅव्हेज तर कहरच. गोळी सेकंदाला ३००० फूट जाते, ही जाहिरात थेट नावातच! तेवढा वेग गाठायला गोळी ८७ ग्रेनची, म्हणजे चांगलीच हलकी ठेवावी लागली. आणि .२७० विंचेस्टरची गोळी? ०.२७७ इंच.

सराफकट्ट्याचा हिशेब. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. इंग्रजी अमदानीत आपला तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता, चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. .३०-०६ मधली नेहमीची जड गोळी १८० ग्रेनचीच असते. म्हणजे बार उडाला की बरोब्बर एक तोळा ऐवज गेला! १५० ग्रेनची गोळी घेतली तर दहा मासे.

चपट्या नाकाची गोष्ट. .३०-३० हे १८९५ साली आलं आणि जॉन ब्राउनिंगने आखलेल्या विंचेस्टर १८९४ रायफलीबरोबर घराघरांत गेलं. घोड्याखालचा दांडा खाली-वर केला की पुढचं काडतूस हजर. काडतुसं राहतात नळीखालच्या दुसऱ्या नळीत, एकामागे एक. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला, नेमकं ठिणगी पाडणाऱ्या टोपीला टेकलेलं. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने आतच बार व्हायचा! म्हणून गोळीचं नाक चपटं केलं. चपटं नाक वाऱ्याला जास्त अडतं, त्यामुळे गोळीचा वेग लवकर उतरतो. शंभर यार्डांवर नेम बसवून ठेवलेली ही रायफल दोनशेवर सात-आठ इंच खाली मारते. दाट जंगलात हरीण शंभर यार्डांच्या आतच दिसतं, तिथे कोण तक्रार करतो? २००६पर्यंत अशा सत्तर लाखांवर रायफली बनल्या. दहा लाखावी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट गेली होती.

झुडूप विरुद्ध गोळी. "जड, संथ गोळी फांद्या तोडत सरळ जाते" ही शिकाऱ्यांची लाडकी समजूत. लाकडी काड्या मांडून लोकांनी अनेकदा चाचण्या घेतल्या. जड असो वा हलकी, काडीला लागली की गोळी वाट सोडते. फांद्यांतून मारूच नका, यापलीकडे यावर उपाय नाही.

कायदा सांगेल ती रायफल. पेनसिल्व्हेनियात हरणांसाठी अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही. तिथले लोक गप्प बसले का? छे! १९५२ साली आलेली रेमिंग्टन ७६० त्यांनी डोक्यावर घेतली. नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवायची की पुढचा बार तयार. वीज-मोटारीपासून लांब राहणाऱ्या शेजारच्या अमिश पंथीयांवरून तिला गमतीचं नाव पडलं, 'अमिश मशीनगन'. ओहायोसारख्या सपाट, दाट वस्तीच्या राज्यात आणखी वेगळी तऱ्हा. तिथे हरणांसाठी बाटलीसारख्या निमुळत्या गळ्याची काडतुसं चालत नाहीत, सरळ भिंतीचीच हवीत. हे गिऱ्हाईक हेरून विंचेस्टरने २०१९ मध्ये .३५० लेजंड काढलं. इंग्लंडात लाल हरणासारख्या मोठ्या हरणांसाठी कायद्याने किमान कॅलिबर .२४०. तिथे .२४३ केसाच्या अंतराने पास!

मग घ्यायची कुठली? माझं मत विचाराल तर .३०८. हे काडतूस १९५२ साली आधी शिकाऱ्यांच्या बाजारात आलं आणि दोन वर्षांनी त्याचं जुळं भावंड नाटोने सैन्यासाठी उचललं. .३०-०६पेक्षा अर्धा इंच आखूड, म्हणून रायफलीची यंत्रणाही आखूड आणि वजनाला हलकी. वेगात सेकंदाला शंभरेक फुटांची घट, खांद्याला धक्काही जरा कमी. दोनशे-अडीचशे यार्डांच्या आत हरणाला तो फरक कळायचा नाही, खांद्याला मात्र कळेल. आणि धक्क्याला घाबरून डोळे मिटणाऱ्याचा नेम कुठल्याच कॅलिबरने सुधारत नाही. अशांसाठी याच घराण्यात .२४३ आणि ७ मिमी-०८ आहेत. तेच काडतूस, फक्त तोंड आवळलेलं.

कॉर्बेटची लाडकी. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर ह्युएट यांनी जिम कॉर्बेटला .२७५ रिग्बी भेट दिली. हिचं काडतूस म्हणजे जर्मनांचं ७×५७ माउझर, फक्त लंडनच्या दुकानात पाटी बदललेली. रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ साली पडला तो हिच्याच गोळीने. हेच काडतूस वापरणाऱ्या 'करामोजो' बेलने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यांतले बरेचसे याच्यानेच. जनावराची शरीररचना त्याला तोंडपाठ होती म्हणून हे जमलं. ऐऱ्यागैऱ्याने असला प्रयत्न केला असता, तर हत्तीनेच त्याचा निकाल लावला असता.

आणि आपली .३१५. लष्करी काडतुसं रयतेच्या हाती पडू नयेत, असा गोऱ्या सरकारचा बंदोबस्त होता, त्यामुळे फौजेची .३०३ लोकांना बंद. वाट काढली ती ऑस्ट्रियन सैन्याच्या जुन्या ८×५०आर मानलिखर काडतुसाने. तेच आपलं .३१५. इंग्रज गेले, ऑस्ट्रियाचं साम्राज्य तर १९१८ सालीच बुडालं, पण त्याचं काडतूस आपल्या सरकारी कारखान्यांनी पुढेही परवानाधारकांसाठी बनवलं.