मँगनीजचा हिशेब

हायड्रिलाची फांदी पाण्यात, तिच्यावर उपडं नरसाळं, त्यावर पाण्यानं भरलेली परीक्षानळी. ऊन लागलं की बुडबुडे वर येतात. नळीतला वायू ऑक्सिजन आहे हे ठरलं की बहुतेक शाळांत तास संपतो. मी रसायनशास्त्र शिकवणारा. माझं डोकं तिथून पुढे चालू होतं. पाण्याचा रेणू भलता चिवट. नुसत्या उन्हावर पान तो फोडतं कसं?

हे काम पानातल्या एका प्रथिनात दडलेल्या पुंजक्याचं. त्यात मँगनीजचे चार अणू, कॅल्शियमचा एक आणि ऑक्सिजनचे पाच. प्रकाशाच्या एकेका कणासरशी एकेक इलेक्ट्रॉन निघतो. चार निघाले की ऑक्सिजन सुटतो. हे चक्र बेसेल कॉक यांनी १९७० सालीच मांडलं. पण प्रथिनातल्या हजारो अणूंच्या गर्दीत हे चारच मँगनीज पाहायचे कसे?

तिथं क्ष-किरण वर्णपटशास्त्र कामाला येतं. प्रत्येक मूलद्रव्याची क्ष-किरण शोषण्याची ऊर्जा ठरलेली असते: लोहाची सुमारे ७११२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, मँगनीजची ६५३९. अणूनं इलेक्ट्रॉन गमावला की हा आकडा किंचित वर सरकतो. म्हणजे गर्दीतून नेमकं मँगनीज निवडता येतं, वर त्याचा जमाखर्चही कळतो.

अडचण एकच, पण मोठी. क्ष-किरणच नमुना बिघडवतात. मग मोजलं ते खरं की बिघडलेलं? तोड निघाली २००९ साली, कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत एलसीएलएस हा क्ष-किरण लेसर सुरू झाल्यावर. त्याचा झोत काही फेमटोसेकंदांचा. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग म्हणजे एक फेमटोसेकंद! नमुना नष्ट होतोच, पण तोवर माहिती हाती आलेली असते.

बर्कलीच्या जुनको यानो, विठ्ठल याचंद्र, यान केर्न यांच्या गटाची मांडणी मला भारी आवडते. उष्ण झऱ्यातल्या, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूपासून मिळवलेल्या याच प्रथिनाचे बारीक स्फटिक थेंबाथेंबानं सरकत्या पट्टीवर पडतात, वाटेत उन्हाऐवजी हिरव्या लेसरचे झोत घेतात आणि मग क्ष-किरणांसमोर येतात. एका थेंबाची पाळी एकदाच. ऑक्सिजन सुटण्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या मधल्या अवस्था त्यांनी २०२३ साली 'नेचर'मध्ये मांडल्या. दोन ऑक्सिजन अणू नेमके कसे जुळतात, यावर मात्र वाद मिटलेला नाही.

त्याच वर्षी एलसीएलएसचं नवं यंत्र सुरू झालं. जुनं सेकंदाला १२० झोत देई, नव्याची क्षमता दहा लाखांपर्यंत. पण मँगनीजला लागणारे जास्त ऊर्जेचे किरण या वेगानं हवे असतील तर आणखी विस्तार करावा लागतो. शास्त्रज्ञांना घाई करून भागत नाही.

शिक्षक मित्रांनो, प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण फळ्यावर लिहाल तेव्हा बाणाखाली 'मँगनीज' एवढं लिहा, आणि या बाणातलं कोडं पुरतं सुटलेलं नाही हेही मुलांना सांगा.